फॉल-पिकोची स्लाइड

पुण्याहून चित्रकला शिकून आले आणि गावाला वाटलं, चला, आपल्याकडं फोटोवाली आली. बारशाला बोलवा, साखरपुड्याला बोलवा. किती वेळा सांगायचं, मी फोटो काढून देत नाही, मी त्यांचं काहीतरी करते! "काहीतरी म्हणजे काय?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं, कारण ते नीट सांगता मलाही येत नव्हतं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. ओतूरच्या एसटी स्टँडजवळची पत्र्याच्या टपऱ्यांची रांग हटवली आणि तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं. खाली मोबाइलचं दुकान, वर ब्युटी पार्लर, आणि भाडी अशी की जुन्या माणसांनी नुसतं बघावं. माझं पित्त खवळलं. रांग मोडायच्या आधी मी तिथं एक रोलभर स्लाइड काढल्या होत्या. आता त्याच टपऱ्या त्याच कॉम्प्लेक्सच्या कोऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरनं उमटवायच्या, असं मी ठरवलं. पण नुसता फोटो दाखवला तर ती कला कसली? म्हणून एकेका स्लाइडवर सुईनं ओरखडे ओढले, कांद्याची पातळ साल डिंकानं चिकटवली, वर तळेघरहून आणलेलं भाताचं तूस. थरावर थर. उजेड त्यातून गेला की गुळगुळीत भिंत जुनी, पोपडे सुटलेली दिसायची. मी स्वतःवर जाम खूश होते.

त्या रांगेत एक मावशी फॉल-पिको करायची. शाळेत असताना माझे फ्रॉक तिनंच उसवून वाढवले होते. कॉम्प्लेक्सच्या नव्या मालकानं सांगितलं होतं, जो जुना टपरीवाला असल्याचं दाखवेल त्याला मागच्या बाजूचा गाळा कमी भाड्यानं देईन. बाकीच्यांनी लाइटबिलं नेऊन दाखवली. मावशीची मशीन पायानं चालायची, लाइट तिनं कधी घेतलीच नव्हती. शेजाऱ्यांनी तिच्या वतीनं सांगून बघितलं, तर मालक म्हणाला, तोंडी काय, कुणीही सांगेल.

"पोरी, तू माझा टपरीतला फोटो काढला व्हतास न्हवं? त्यो दे मला. त्याच्यावरच माझा गाळा हाय बघ." एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा दारातच बसून राहिली.

"मावशी, आधी कार्यक्रम तर होऊ दे गं!" मी तिच्यावर खेकसलेच. स्लाइडला निगेटिव्ह नसते, असते ती एकच प्रत. आणि सगळ्यांत जास्त काम मी तिच्याच स्लाइडवर केलं होतं. हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. मनाशी म्हटलं, थरांखालची मावशी ओळखू येते की. मला तरी येत होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली. वडील वायर धरून पुटपुटत होते, "ह्यापरीस बीएड केलं असतंस तर बरं झालं असतं." मागून पोरं ओरडत होती, "पिच्चर कवा चालू व्हनार?" आणि कॉम्प्लेक्सचा मालक, ज्याच्यावर मी एवढी चिडले होते, तो पुढं खुर्ची टाकून बसलेला! त्याच्या बिल्डिंगची फुकट जाहिरात चाललीय, अशी त्याची समजूत. कपाळ माझं!

शेवटी लाइट टिकली आणि मावशीची स्लाइड आली. ती पदर सावरत थेट भिंतीपाशी गेली. "बघा मालक, ही माझी टपरी. आन् ही मी, मशीनवर."

मालकानं मान तिरकी करून बघितलं. "कुठंय मावशी? मला तर कांद्याची साल दिसतीया."

लोक हसले. मावशी माझ्याकडं वळली. "पोरी, ती साल काढ की जरा. तेवढीच काढ."

मी स्लाइड बाहेर ओढली आणि नखानं खरवडायला लागले. साल निघाली, पण तिच्याबरोबर खालचा रंगही निघाला. स्लाइड परत लावली तर टपरीच्या जागी नुसता पांढरा उजेड.

"ती तिथंच बसायची हो! मी सांगते ना!" मी ओरडले.

मालक खुर्ची सरकवून उठला. "अवो ताई," तो म्हणाला, "साधा फोटो आणायचा की. आत्ता दिला असता गाळा."