किल्ली शेजारच्या घरी

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीने तिकडच्या विद्यापीठात पर्यावरणाचं अर्थशास्त्र घेतलं आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "आजी, तू याच विषयात एम.ए. केलंस ना? तुला त्याचा काय उपयोग झाला?" तुमचा काका शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. आता लिहून सांगते. तुमचे बाबा बोअर मारा असं पुन्हा म्हणत आहेत, तेव्हा हे आत्ताच सांगितलेलं बरं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पुण्याला बहिणीकडे राहून हे शिक्षण घेतलं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे पुस्तकांची अडचण नव्हती. वर्गातली मुलं मला काकू म्हणत. एका तासाला बाईंनी टेबलाटेबलावर शेंगदाण्यांची ताटली ठेवली. बोलायचं नाही. प्रत्येकाने हवे तेवढे दाणे घ्यायचे. जे उरतील ते बाई दुप्पट करणार, मग पुन्हा घ्यायचे. आमची ताटली पहिल्याच फेरीत रिकामी झाली.

"काकू, मला वाटलं तुम्ही घेणारच, म्हणून मी आधी हात घातला," शेजारचा मुलगा म्हणाला.

"आणि मी तुझा हात बघून," मी म्हणाले.

मग बाईंनी बोलायची परवानगी दिली. सगळ्यांनी शब्द दिले आणि तरी कोणीतरी जास्त उचललेच. तिसऱ्या वेळी मुलांनीच नियम काढला: आपले दाणे आपण घ्यायचे नाहीत, शेजाऱ्याने काढून द्यायचे. ती ताटली तास संपेपर्यंत टिकली. मी हसत घरी आले.

त्याच आठवड्यात सुट्टीला गावी, आण्याला आले, तर आपल्या वाटेवर बोअरची गाडी उभी.

आपली विहीर दोन घरांची आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आपली आणि तुमच्या आजोबांच्या चुलतभावाची, म्हणजे माझ्या दिरांची. एक दिवस त्यांची मोटार, एक दिवस आपली. पठारावर पाणी तेवढंच. पलीकडच्या शिवारात दोघांनी ईर्ष्येने बोअर मारले, तेव्हा मधली विहीर कोरडी पडली आणि मग बोअरही आटले. गाडी दिरांनी बोलावली होती. जागा विहिरीच्या अगदी जवळ, नारळ फुटलेला, पाइप उतरवायला घेतलेले.

"भावजी, हे काय?"

"आता काय सांगू, वहिनी. तुमचा थोरला तिकडनं डॉलर धाडणार, तुमी खोल बोअर मारणार, आन आमी काय विहिरीत वाकून बघत बसायचं व्हय?"

"कोणी सांगितलं?"

"बेल्ह्याच्या बाजारात ह्या एजंटनंच. तुमच्या धाकट्यानं चौकशी केली व्हती. आन आमच्या पाळीला तुमची मोटार चालती, ते येगळंच."

मी घरातून बाहेर आलेल्या तुमच्या काकाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"नुसतं विचारलं व्हतं, आई. मोटार तेच चालवत्यात आमच्या पाळीला. पाणी उगंच खाली जातंय का?"

"आरं, म्या?" दीर पुढे आले. एजंट मध्ये पडला, "भाऊ, आधी गाडीचं सांगा. मला आज अजून एक बोअर मारायचाय." गाडीवाल्याने इंजिन चालू केलं. बोलायला ओरडावं लागू लागलं. मला ती ताटली आठवली. तिथे शेंगदाणे होते. इथे एकदा जमिनीला भोक पडलं की दुसरी फेरी नव्हती.

"इंजिन बंद करा," मी म्हणाले. वर्गात वापरायचे तो आवाज होता. गाडीवाल्याने दिरांकडे पाहिलं. त्यांनी थांब म्हणून हात केला.

मी काकाला म्हणाले, "आपल्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घाल आणि किल्ली भावजींना दे. आपल्या पाळीला त्यांच्याकडून मागून आणायची. त्यांची आपल्याकडे राहील. आणि बोअर मारणार नाही, हे आत्ता इथे सांग."

"आई, आज आपली पाळी हाये. कांदा सुकतोय. त्यांनी किल्ली न्हाई दिली तर?"

"तर त्यांनाही मिळणार नाही."

  एजंट घड्याळ बघत होता. शेवटी काका घरात गेला, तुमच्या सायकलीचं जुनं कुलूप आणून पेटीला घातलं आणि किल्ली दिरांच्या हातावर ठेवली. "न्हाई मारणार बोअर," तो म्हणाला, पण त्यांच्याकडे न बघता.

दिरांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "लई शिकून आलात, वहिनी," असं म्हणून त्यांनी खिशातून आपल्या पेटीची किल्ली काढून मला दिली.

गाडी गेली. संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या तरी रानात घरघरत होती आणि आम्ही दोन्ही घरं ओट्यावर बसून ऐकत होतो. त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, टँकर आला. पुढच्या वर्षीही. काका आणि दीर आजही फारसं बोलत नाहीत. पण किल्ली मागायला दाराशी यावंच लागतं, तेव्हा चहा होतो.

तुमच्या बाबांना हे वाचून दाखवा. विहिरीला आज पाणी आहे, पाळी चालू आहे, आणि आपली किल्ली अजून त्यांच्या घरी आहे.