मीरासाहेबांच्या कानातला कापूस

चिंचवड स्टेशनापासून पार चाकणपर्यंत एक गोष्ट पक्की मानली जायची. मीरासाहेबांचे कान इतके तिखट आहेत, की कापूस घातल्याशिवाय त्यांना जगात वावरताच येत नाही. कापूस काढला, तर आकुर्डीच्या कारखान्यात पडलेली टाचणी त्यांना स्टेशनाजवळच्या दुकानात ऐकू येईल आणि बिचाऱ्यांचं डोकं उठेल. शेजारच्या पानवाल्या इकबालचं तर म्हणणं होतं, की या माणसासमोर मनातल्या मनात शिवी द्यायचीसुद्धा सोय नाही.

खरी गोष्ट एवढीच होती, की मीरासाहेब बहिरे होते.

अगदी ठार नव्हे. जाड, घुमणारा आवाज त्यांना भिंतीपलीकडून आल्यासारखा कळायचा. बारीक आवाज मात्र त्यांच्या लेखी कधीच वारले होते. कुकरची शिट्टी, सायकलची घंटी, चिमण्या, सगळ्यांचा चाळिसावा उरकून गेला होता. ऐन जवानीत ते चिंचवडच्या एका फोर्जिंग कारखान्यात मोठ्या हातोड्यावर होते. तापलेल्या लोखंडावर हातोडा पडायचा आणि सकाळची शिफ्ट संध्याकाळपर्यंत कानात वाजत राहायची. मग एक दिवस ती वाजायची थांबली. मीरासाहेबांना वाटलं, सुटलो. सुटले ते नोकरीतून. डोक्यावरून जाणाऱ्या क्रेनची घंटा ऐकू आली नाही, थोडक्यात वाचले, आणि कंपनीच्या डॉक्टरांनी कान अनफिट म्हणून घरी पाठवलं. कापूस होता तो लसणाच्या कोमट तेलातला. बायको खातूनबी रोज सकाळी न चुकता घालायची. कानाला त्याचा फायदा शून्य झाला, पण धंद्याला इतका झाला, की तिनं तेल कधी संपू दिलं नाही.

धंदा होता रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि नव्यानं आलेले स्टिरिओ दुरुस्त करण्याचा. हे काम ते पोरवयात मिरजेला मामाच्या हाताखाली शिकले होते. आता बहिऱ्यानं असलं दुकान टाकायचं म्हणजे आंधळ्यानं चष्मे विकायचे. लोकांना कळलं असतं, तर कोण चढलं असतं पायरी? मग शटर ओढून मिरजेला भावाच्या ओसरीवर जाऊन बसणं आलं. भावाची बायको एकेक भाकरी मोजून टाकायची. त्यामुळे हे गुपित नवराबायकोनं तेलाच्या वाटीसारखं झाकून ठेवलं होतं.

झाकण होतं ते दुकानाच्या नियमाचं. मीरासाहेब सेटला आधी हात लावायचेच नाहीत. गिऱ्हाईक पायरीवर उभं करायचे आणि शांतपणे म्हणायचे, "आवाज तोंडानं काढा."

लोक चक्रावायचे. मीरासाहेब समजावायचे, की सेट दुकानात आला की लबाडी करतो, गप्प बसतो. माणसाच्या तोंडात मात्र आवाज घरचाच राहतो. हे ऐकून लोकांना वाटायचं, काय खोल बोलला माणूस. खरं म्हणजे मीरासाहेब ऐकत नव्हते, बघत होते. गिऱ्हाइकानं ओठांचा चंबू केला की घुं, म्हणजे अर्थिंग तपासायचं. दात मिटून ओठ फाकवले की सूं, म्हणजे आतला एखादा ट्रान्झिस्टर म्हातारा झालाय. जीभ टाळूवर आपटली, तर कुठंतरी जोड सैल आहे. आणि गिऱ्हाईक घोड्यासारखं ओठ फडफडवायला लागलं, तर स्पीकरचा पडदा फाटलाय, त्याला देवसुद्धा ऐकायला नको. दुरुस्ती संपली की म्हणायचे, "ऐका. कान तुमचा, सेट तुमचा." आणि गिऱ्हाइकाच्या भुवया खाली येईपर्यंत जोडांना कथलाचे डाग देत राहायचे.

त्यामुळे त्या पायरीवर काय काय दिसायचं. कारखान्याचे फोरमन, शाळेचे हेडमास्तर, एकदा तर एक फौजदार, भर बाजारात ओठांचा चंबू करून घुं करत उभे. चाकणचा कांद्याचा अडत्या कोंडीराम आवाज विसरू नये म्हणून एस.टी.त बसल्यापासून घुं घुं करत यायचा. कंडक्टरनं त्याला दोनदा विचारलं, पाव्हणं, उलटी होतीय का. भोसरीला एका ट्रकनं कानाशी हॉर्न वाजवला आणि कोंडीरामाच्या डोक्यातला आवाज पार पुसून गेला. गडी तिथंच उतरला, उलट्या गाडीनं चाकणला गेला, सेट लावून पुन्हा ऐकला आणि दुपारच्या गाडीनं परत आला. पायरीवर उभा राहून घुं केलं आणि म्हणाला, "व्हय, आता बराबर हाय."

असा सगळा कारभार सुरळीत चालू असताना उद्धवराव आले.

उद्धवराव प्राधिकरणाच्या वसाहतीत नवा बंगला बांधून राहणारे परचेस ऑफिसर. चाल अशी, की मागून कुणीतरी फाइल घेऊन येत असावं. त्यांनी स्टिरिओ घेतला होता, दोन भले मोठे स्पीकर असलेला, आणि तो पहिल्या दिवसापासून घुमत होता. मीरासाहेबांनी नेहमीप्रमाणे आवाज तोंडानं काढायला सांगितलं. उद्धवरावांनी आजूबाजूला पाहिलं. बाजार भरला होता. आपण असले चाळे करणार नाही, तुम्हीच घरी या, असं त्यांनी सुनावलं. मीरासाहेब म्हणाले, घरी जाण्याची आमच्यात पद्धत नाही. यावर उद्धवराव दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "येत नाही म्हणता, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. कान बिन ठीक आहेत ना?"

ते सहज बोलून गेले. पण मीरासाहेबांनी ते ओठांवर वाचलं. दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाइकं होती आणि शेजारी इकबाल पानाला चुना लावायचा थांबला होता. घरी यायला नाही म्हणणं म्हणजे बहिरेपणाला हो म्हणण्यासारखंच. रविवारी येतो म्हणाले.

त्या रविवारी खातूनबीनं कापसाचे बोळे जरा मोठेच केले. घरी जाऊ नका, हे तिनं पूर्वीपासून बजावलं होतं; तिथं गिऱ्हाइकाचं एकच तोंड समोर नसतं, दहा तोंडं असतात, कुणाकुणाकडे बघणार? आता तिनं एवढंच सांगितलं, की कमी बोला आणि चहा पिऊन लगेच निघा.

बंगल्यावर पाहतात, तर उद्धवरावांनी कंपनीतल्या पाच-सहा जणांना बोलावून ठेवलेलं. आपला स्टिरिओ दाखवायचा आणि शिवाय हा कानाचा जादूगारही दाखवायचा, एका चहात दोन कामं. मंडळी कोचावर टेकून बसली होती. कोपऱ्यात, दाराशी, उद्धवरावांच्या आई सावित्रीबाई पाटावर वाती वळत होत्या. त्यांना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यांची ओळख करून द्यायची कुणाला गरज वाटली नाही.

मीरासाहेबांनी आवाज काढायला सांगितला. उद्धवरावांनी बायकोकडे बोट केलं. छबूबाईंनी पदर सावरून बिचकत एक बारीकसं घुं केलं.

"असा कुठं येतो?" उद्धवराव म्हणाले. "इतका किरटा नाहीये तो."

छबूबाईंनी पुन्हा केला. उद्धवरावांना तोही पटेना. चारचौघांत बायकोची चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते उभे राहिले, छाती भरून घेतली, ओठांचा असा चंबू केला की मिशा नाकाला लागल्या, आणि सगळ्या कंपनीसमोर त्यांनी एक लांबलचक, दणदणीत घुं काढलं. परचेस डिपार्टमेंटनं इतका मनापासून काढलेला आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता. उद्धवरावांच्याच हाताखालचा एक क्लार्क बिस्किट घेता घेता गुदमरला.

मीरासाहेबांना हवं ते दिसलं होतं. त्यांनी शोकेसवर तळहात टेकला. लाकूड थरथरत होतं. तळहात सरकवत सरकवत ते प्लेअरच्या बुडाशी गेले. तिथं क्रोशाच्या रुमालाखाली, प्लेअरला अगदी चिकटून, व्होल्टेज स्टॅबिलायझर मांडून ठेवला होता. स्टॅबिलायझर म्हणजे जाड लोखंडाचं जडशीळ डबडं; ते घुमतं, आणि सुई शेजारी असली की तिच्या अंगातही आपलं घुमणं घालतं. पण तो ज्याच्या घरात असेल तो माणूस चार पायऱ्या वर गेलेला मानला जातो. म्हणून उद्धवरावांनी तो शोकेसमध्ये, मूर्तीच्या बाजूला समई ठेवावी तसा ठेवला होता. मीरासाहेबांनी तो उचलून खिडकीखाली, कोचाच्या मागं, जिथं कुणालाही दिसणार नाही असा ठेवला. घुमणं थांबलं. पाहुण्यांच्या भुवया खाली आल्या. उद्धवरावांच्या तेवढ्या वरच राहिल्या, पण ते दुःख आवाजाचं नव्हतं.

इथं चहा आला असता तर गोष्ट संपली असती. पण उद्धवरावांना चेव आला. त्यांनी रेकॉर्ड न लावताच आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि म्हणाले, आता सांगा, काही राहिलंय का.

राहिलं होतं. घुमण्याच्या आड लपलेलं एक सूं दोन्ही स्पीकरमधून सापासारखं बाहेर आलं. ते खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू आलं. एक मीरासाहेब सोडून, आणि कोपऱ्यातल्या सावित्रीबाई सोडून.

मीरासाहेबांनी सवयीनं चेहरे पाहिले. पण आज भुवयांचा उपयोग नव्हता. कुणीही स्पीकरकडे कान लावून बसलं नव्हतं. सगळे टक लावून त्यांच्याकडेच पाहत होते, हा काय म्हणतोय म्हणून. चेहऱ्यांवर नुसतं कौतुक. सूं आहे की नाही, हे ओळखायला एकही तोंड शिल्लक नव्हतं. मीरासाहेबांना मिरजेची ओसरी दिसली. मोजलेल्या भाकरी दिसल्या. आणि त्यांनी देवाचं नाव घेऊन सांगून टाकलं, "साफ. आता या घरात मुंगी चालली तरी कळेल."

खोलीत सूं चाललंच होतं.

उद्धवरावांनी बटणावरचा हात काढून घेतला. पंचक्रोशीत ज्याला टाचणी ऐकू येते, त्याला जे ऐकू येत नाही, ते आपल्याला ऐकू येतं असं म्हणायचं कसं? लोक म्हणतील, यांच्याच कानात काहीतरी बिघाड. कोचावरच्या एकानं मान डोलावली आणि म्हणाला, काय शांतता आहे राव. दुसऱ्यानं अशी शांतता पुण्यातसुद्धा ऐकली नसल्याचं सांगितलं. गुदमरलेल्या क्लार्कनं तर डोळे मिटून घेतले. छबूबाईंनी मात्र विचारलंच, मग हे सूं कसलं येतंय.

"तुझ्या कुकरचं," उद्धवराव म्हणाले.

छबूबाई स्वयंपाकघरात जाऊन आल्या. कुकर फडताळात पालथा होता. आजही त्या घरात ते सूं सुरू आहे, आणि कुणी पाहुण्यानं त्याबद्दल विचारलं, तर उद्धवराव त्याला कान साफ करून घ्यायला सांगतात.

मीरासाहेब चपला घालत असताना सावित्रीबाई दाराशी आल्या. मागं मंडळी गप्पा मारत होती. म्हातारीनं मीरासाहेबांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि घशातून एक अक्षरही बाहेर न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "कवापासनं?"

मीरासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग त्यांनीही नुसतेच ओठ हलवले, "हातोड्यावर होतो, आजी. तेव्हापासून."

म्हातारी हसली. "म्या खरं सांगितलं, तर कोपऱ्यात बसवली. तू सांगू नगंस. कपबशीत च्या मिळतुया तवर पी."

पाच-सहा माणसांच्या पाठीमागे, भरल्या घरात, हे बोलणं झालं आणि कुणाच्या कानी गेलं नाही.

त्या रविवारनंतर दुकानापुढं रांग लागायला लागली. उद्धवरावांच्या बंगल्यातला आवाज नुसत्या हातानं पुसला म्हणे, अशी वार्ता दिघीपासून थेरगावपर्यंत गेली. त्याच रांगेत एकदा अस्मादिक उभे होते. अस्मादिकांना कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो, हेडमास्तरांचा तर त्यांच्यापेक्षा बरा. पण त्या दिवशी खोडी सुचली. पायरीवर उभं राहून ओठांचा मस्त चंबू केला, गालही थरथरवले, पण आवाज काढलाच नाही.

"अर्थिंग बघावं लागेल," मीरासाहेब म्हणाले.

गर्दी ओसरेपर्यंत अस्मादिक तिथंच बसून राहिले आणि मग हळूच म्हणाले, चाचा, आवाज तर मी काढलाच नव्हता. मीरासाहेबांनी डाग द्यायची कांडी खाली ठेवली. वाटलं, हातापाया पडतील. त्यांनी चहा मागवला आणि सगळं सांगितलं: हातोडा, क्रेन, म्हातारी, सगळं. शेवटी म्हणाले, "जा, सांग सगळ्यांना. एकानं जरी मानलं, तर भर बाजारात माझी नक्कल कर, मी टाळ्या वाजवीन. नाही मानलं, तर महिनाभर तोंडातून कुणाचा आवाज काढायचा नाही."

पैज लागली. पंधरा दिवस अस्मादिकांनी जीव तोडून सांगितलं. इकबाल म्हणाला, बहिरा? परवा मी मनात शिवी दिली, तर वळून बघितलं त्यानं. कोंडीराम म्हणाला, पोरा, बहिरा मानूस कानात कापूस कशापायी घालंल? उद्धवरावांनी तर अस्मादिकांना दिवाणखान्यात नेलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि सूं चालू असताना विचारलं, येतोय काही आवाज?

पैज हरलो. महिना तोंड बंद. लिहायची बंदी नव्हती, म्हणून हे लिहून आधी मीरासाहेबांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, कापूस जरा आत सारला आणि म्हणाले, "छाप बिनधास्त. रांग वाढेल."