धुराच्या नळ्यांचा रंग

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हंगामात माझ्या बायकोच्या छातीतल्या गाठीचं मिरजेला ऑपरेशन झालं. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी विजेचे शेक सांगितले. एक दिवसाआड जायचं, मशिनखाली थोडा वेळ झोपायचं आणि परत यायचं. आमचं गाव पलूसजवळ. एस.टी.नं सांगली, तिथून दुसरी गाडी, येतानाही तसंच. शेक घेतल्यावर तिला मळमळायचं. भरल्या गाडीत तोंडाला पदर लावून ती उभी राहायची आणि मी लोकांना जागा मागत फिरायचो.

फौजेत मी गाड्यांचा मिस्त्री होतो. पेन्शनीत आलो तेव्हा लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. ती दारात उभीच होती, कारण तिचा मॅनिफोल्ड फुटला होता. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारं ते बिडाचं नळकांडं. दोनदा गॅसनं जोडून घेतलं, दोनदा तडकलं. नवीन कुठं मिळेना. शेवटी सांगलीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून बॉयलरच्या जुन्या ट्यूबच्या चार नळ्या वाकवून, पुढं एकत्र जोडून घेतल्या. गाडी चालू झाली. मला वाटलं, आता तिला आरामात नेता येईल.

पण साध्या पोलादाच्या त्या नळ्या तापून तांबूस व्हायच्या आणि चार-आठ दिवसांत त्यांना पापुद्रे सुटायला लागले. म्हणून मी बाजारातला चंदेरी रंग आणून फासला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नळ्या होत्या इंजिनाच्या डाव्या अंगाला, आणि ती बसायची डावीकडं. रंग जळायला लागला, पत्र्याच्या फटीतून वास थेट तिच्या पायाशी यायला लागला. नांद्र्याच्या अलीकडं ती म्हणाली, "आवं, थांबवा जरा."

बाभळीला धरून ती ओकली. पोटात काही नव्हतंच. मी तांब्या घेऊन मागं उभा होतो.

"रंगाचा वास हाय," मी म्हणालो. "दुसरा रंग बघतो."

"बघा," ती म्हणाली.

तिला दवाखान्याच्या बाकावर बसवून मी मिरजेच्याच पेठेत रंगाच्या दुकानात आलो. दुकानदारानं चुलीचा काळा रंग दाखवला, शेगडीचा दाखवला, एक डबा इंजिनाचा म्हणून पुढं केला. मी प्रत्येकाला एकच विचारत होतो.

"तापल्यावर वास येतो का?"

"टिकतो का ते विचारा की," तो म्हणाला. "वासाचं कोण विचारतंय?"

मी तसाच परत आलो. डॉक्टरांनाही त्या दिवशी मी विचारलं होतं, शेकानं बरं वाटंल का. ते म्हणाले, "बघू या." फौजेत असताना ज्या गाडीचं काही होणार नाही, तिच्या ड्रायव्हरला मीही असंच सांगायचो.

माझा एक फौजेतला सोबती साताऱ्याकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर लागला होता. तिला माहेरची माणसं भेटायला आली, तेवढ्यात एक दिवस काढून मी त्याच्याकडं गेलो. बॉयलरच्या मागं दोन खुर्च्या टाकून त्यानं चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन दोन वस्तू घेऊन आला. एक ॲस्बेस्टॉसच्या दोरीचं वेटोळं, एक धुराड्याला लावायच्या रंगाचा डबा.

"ही दोरी ओली करून नळीवर गच्च गुंडाळ," तो म्हणाला. "उद्याच गाडी काढ. वास न्हाई, आच न्हाई. पण आत पाणी धरती आणि नळी सडती. वरनं कळत न्हाई, एक दिस हातात तुकडा येतो."

"आणि रंग?"

"त्याला लय खटपट हाय गड्या. नळ्या उतरव, घासून पांढऱ्या कर, तेलाचं बोट लागू देऊ नगंस. पातळ हात दे, वाळू दे, मग बारक्या आचंवर हळूहळू तापव. धूर काय निघायचा तो तवाच निघूंदे. पुढं कैक वरसं बघायला नगं."

"मग कंचं घेऊ?"

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "किती दिस चालवायचीय गाडी?"

त्यानं ते गाडीबद्दलच विचारलं होतं. मी कप खाली ठेवला. बॉयलरची घरघर चालली होती. मग त्याच्याही ध्यानात आलं असावं. त्यानं दोरी उचलली आणि आपल्या खुर्चीखाली सारली.

"रंगच ने," तो म्हणाला.

मी रंग आणला. नळ्या उतरवून अंगणात घासत बसलो. जीप बंद, म्हणून तेवढे दिवस आम्ही पुन्हा एस.टी.नं गेलो. शेजाऱ्याचं गुऱ्हाळ चालू होतं. रंग वाळल्यावर नळ्या तिथं नेल्या आणि चुलवाणाच्या तोंडाशी, निखाऱ्यापासून लांब ठेवून, थोड्या थोड्या पुढं सरकवत तापवल्या. पिवळट धूर निघाला, मग निवळला. ती बघायला आली होती. शेजाऱ्यानं तिला ताज्या गुळाचा खडा दिला. तिनं तो हातातच धरला. खाल्ला नाही.

"छान झालंय," नळ्यांकडं बघून ती म्हणाली. खरंच छान झालं होतं. राखेसारखा एकसारखा रंग, कुठं फोड नाही, ओघळ नाही. फौजेतही इतकं नीट काम मी केलं नव्हतं.

जीप जोडली आणि आम्ही मिरजेला निघालो. मी बॉनेटकडं नाक लावल्यासारखा बसलो होतो. वास नव्हता. भिलवडी मागं पडली, वसगडं मागं पडलं, तरी नव्हता. मला बरं वाटायला लागलं होतं.

"आवं," ती म्हणाली. "थांबवा."

ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली. मी धावत बॉनेट उघडलं. नळ्या कोरड्या, स्वच्छ. एकही सांधा सुटला नव्हता.

"वास येतोय का तुला?"

तिनं मान हलवली. तोंड पुसलं. "गाडीचा न्हाई. गाडीचा कवाच न्हवता. मला आता सगळ्याचाच येतोय. पाण्याचा बी येतो."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी एवढं करत होता," ती म्हणाली. "करूंदे म्हटलं."

मी बॉनेट बंद केलं. कुणी सायकलवाला थांबून काय झालं विचारत होता, त्याला मी काहीतरी सांगितलं. तिला उचलूनच गाडीत बसवलं. त्या दिवशी मशिनखाली घेण्याआधी डॉक्टरांनी तिला तपासलं, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले की आता शेक थांबवू या, घरी घेऊन जा, जे खावंसं वाटेल ते द्या.

मी तिला आत जाऊन सांगितलं, "आता यायला नगं म्हणालेत."

"बरं झालं," ती म्हणाली.

परतताना ती बरंच बोलली. म्हशीला वैरण कुणी घालायची, धाकट्या नणंदेच्या बाळंतपणात काय काय लागेल, खपलीचे गहू कुठल्या कणगीत आहेत. मी हूं हूं करत होतो. गाडी चांगली चालत होती. माधवनगरच्या फाटकात आगगाडीसाठी थांबलो तेव्हा तिला डोळा लागला. फाटक उघडलं, मागच्या बैलगाडीवाल्यानं हाळी दिली, तरी मी थोडा वेळ गाडी काढली नाही.

पाडव्याच्या आत ती गेली. जीप पुढं खंडाळ्याकडच्या एका माणसानं नेली. बॉनेट उघडून तो म्हणाला, "नळ्या झकास हायेत." मी म्हणालो, "व्हय," आणि किल्ली दिली.