चांदणं नव्हतं, मीठ होतं

रविवारी आईला वाशीला घेऊन गेलो होतो. एका वाचनालयाच्या हॉलमध्ये कविसंमेलन होतं आणि मला माझी मिठागरावरची कविता वाचायची होती. आईने आजवर माझी एकही कविता ऐकलेली नव्हती... तिला वाचता येत नाही, आणि मला कधी वाचून दाखवावीशी वाटली नाही.

मागच्या महिन्यात ती कविता इथेच टाकली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. माझा बाप खाडीकाठी चांदणं पेरायचा, आई पहाटे ते वेचायची, मग सरकारने जागा घेतली आणि आमच्या घरात अंधार झाला... साधारण असं काहीतरी.

काय एकेक अर्थ निघाले त्यातून! एका प्राध्यापकांना चांदणं म्हणजे कष्टकऱ्यांचा आशावाद वाटला. सानपाड्याच्या एका ताईंना त्यांचे गेलेले मिस्टर आठवले. तळोज्याला माझ्याच कंपनीत असलेल्या एका इंजिनिअरने तर ब्रेकअपची कविता म्हणून ती स्टेटसला ठेवली.

मी सगळ्यांना हात जोडून एकच उत्तर दिलं. कविता एकदा लिहिली की ती वाचकाची, तुम्हाला लागला तोच खरा अर्थ... किती मोठ्या मनाचा कवी ना मी! लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो.

तर रविवारी कविता वाचली. टाळ्या जोरात पडल्या, दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. सूत्रसंचालक भारावून पहिल्या रांगेत बसलेल्या आईजवळ गेले आणि तिच्यापुढे माइक धरला. ‘माऊली, ते दिवस आठवून काय वाटतं?’

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘चांदना कसला? मीठ व्हता. पाटीतशी पानी गलायचा डोक्यावर, डोले चुरचुरायचे. याच्या बापाच्या पायाला अशा भेगा, सांजचा चालवत नसायचा. हा पोटात व्हता तवा पन मी पाट्या वायल्या.’

हॉल एकदम शांत. तिला वाटलं, लोक ऐकतायत... म्हणून पुढचंही सांगून टाकलं. ‘आगर गेला तवा मी गावदेवीला नारल फोरला. बोल्ली, सुटलो बाय.’

आता माझं काय झालं ते सांगतो. कवितेत मी ज्या दुःखावर टाळ्या घेतल्या होत्या, त्याच दुःखासाठी आईने देवीला नारळ फोडला होता, आणि हे ती माइकवर सांगून बसली होती.

मी पुढे होऊन माइक घेतला आणि हसत म्हणालो, ‘आमच्या आईला कवितेतलं काही कळत नाही हां, सांभाळून घ्या.’ हॉल हसला. पुन्हा टाळ्या पडल्या. आईही हसली थोडी, कसंनुसं... आणि पदर सावरून खाली बघत बसली.

मिठागर गेलं तेव्हा मी जेमतेम सहा वर्षांचा होतो. लांबून दिसणारे पांढरे ढीग, एवढंच माझं भांडवल. त्या चिखलात मी एकदाही अनवाणी उतरलो नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

जमीन गेल्याचं दुःख गावात खूप जणांना आहे, ते खोटं नाही. पण ते आमच्या घरचं नव्हतं. वडिलांना नंतर वॉचमनची नोकरी लागली आणि आमच्या घरात पहिला बल्ब त्यानंतरच पेटला. मला हे पक्कं माहीत होतं. ‘अंधार’ ओळीत छान बसत होता, म्हणून लिहिला.

आणि गंमत बघा... प्राध्यापकांचा अर्थ चालला, ब्रेकअपवाल्याचाही चालला. जिच्या डोक्यावरून ते खारं पाणी गळलं, तिचा तेवढा चुकीचा ठरवला. तोही चारचौघांत, हसून.

रिक्षाने घरी आलो. संध्याकाळी चहा देताना मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, ‘आई, आगरातला अजून सांग ना काय.’

तिने बशीतला चहा संपवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘तुना कशाला? तुजी लिवून झाली ना.’

कार्यक्रमाचा व्हिडिओ आलाय. त्यात आईचं बोलणं कापलंय, माझी कविता पूर्ण आहे. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘किती खरी कविता!’ सवयीने त्यांनाही धन्यवाद लिहून टाकलं... आईची माफी मागायला मात्र अजून तोंड उघडत नाहीये.