साहेबांचं चहापाणी आणि मी तज्ज्ञ

लावा पैज! ह्याचा शेवट काय झाला, ते तुमच्यातल्या एकालाही सांगता यायचं नाही. आणि गाढवपणा कुणाचा म्हणाल, तर माझाच!

मंडईमागे माझी चहाची टपरी. समोर परवान्याचं हाफिस. तिथला सगळा चहा माझ्याकडनं जायचा. माझं घरच त्याच्यावर चालायचं म्हणा ना!

एक दिवस टीव्हीवाली पोरगी आली. घामाघूम!

"काका, लाचेच्या नव्या कायद्यावर बातमी करतोय. तज्ज्ञ येणार होते, ते ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

"मग मी आहे की!"

"तुम्ही?"

"अगं, तीस वर्षं ह्या हाफिसात चहापाणी कोण पोचवतंय?"

डोळे असे चमकले तिचे! माईक थेट माझ्या मिशीत.

"साहेब घेतात?"

"दिवसातनं तीनदा!"

"उघड उघड?"

"मग काय टेबलाखालनं? टेबलावरच ठेवतो!"

"आणि नाही दिलं तर?"

"फाइल हलत नाही बाई! सगळे जांभया देत बसतात."

मला कळत नव्हतं होय? सगळं कळत होतं! पण चावट तोंड माझं, थांबतंय कुठलं! शेवटी किटली वर करून सांगितलं पण, "अगं वेडे, हे चहापाणी! आल्याचं!"

ती हसली. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी शेजारचा फुलवाला ओरडला, "तात्या, मोबाइलवर तुम्ही!" बघतो तर मीच! किटली वर करून बोललेलं मात्र कापलेलं. खाली लाल पट्टीत काहीतरी लिहिलेलं. आपलं वाचन बसच्या पाटीपुरतं. म्हणलं, नाव असेल माझं! मोबाइल हिसकावला आणि पळत थेट साहेबांपुढं!

"साहेब, खाली काय लिहिलंय, जरा मोठ्यानं वाचा की!"

साहेबांनी वाचलं. सगळ्या हाफिसानं ऐकलं.

"'परवाना कार्यालयात साहेब दिवसातून तीनदा घेतात. तज्ज्ञाची साक्ष.'"

अहो, देवमाणूस तो! कुणाचा पेढासुद्धा घेतला नाही कधी.

चष्मा काढून म्हणाले, "आपण तज्ज्ञ का?"

"साहेब, ते आल्याच्या चहाचं हो..."

"छान. आता हे चौकशीत सांगा."

चौकशीला मी पुरावा म्हणून किटलीच नेली. चौकशीवाल्यांनी वास घेतला, दोन दोन कप प्यायले, आणि साहेब सुटले!

पण बाहेरचं चहापाणी कायमचं बंद. हाफिसात मशीन बसलं.

परवा परवाना वाढवायला गेलो. दोन तास रांगेत. घसा असा सुकला म्हणता! शेवटी मशीनचं बटण दाबलं. नुसतं कोमट पाणी हो!

ह्या हाफिसात चहापाण्याचे वीस रुपये दिले मी.