होडीला दृष्ट लागू नये म्हणून

माझ्याकडे हवा भरायची एक होडी होती आणि मला पोहता येत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला आठ-नऊ महिने वाटलंच नव्हतं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं मी पाण्याची वाफ केली. "आता जरा पाण्याशी प्रेमानं वागा, बाबा," असं म्हणत लेकीनं, मुक्तानं, माझ्या निवृत्तीला ही रबरी होडी भेट दिली. ती आली ऐन आषाढात. गंगा दुथडी भरून वाहत होती (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, काशीवाल्यांनी रागावू नये), म्हणून अडीच-तीन महिने मी हॉलमध्ये टीव्हीसमोर वल्हवलं. शोकेसची काच सोडली तर नुकसान काहीच झालं नाही! आश्विनात पाणी निवळलं आणि आनंदवल्लीजवळ होडी पहिल्यांदा नदीत उतरली. काय सांगू तुम्हाला! खंड्या शेजारून सूर मारतोय, काठावरची झाडं पाण्यात उलटी उभी आहेत, आणि आपण आपले डुलत चाललोय! थंडीत मी कानटोपी घालून धुक्यातून वल्हवायचो आणि काठावरून आमची सुलभा थर्मास हलवत ओरडायची, "अहो, पुरे आता! चहाचं सरबत झालं!" फाल्गुनात पाणवेलींनी वाट अडवली, तर त्यांच्यातूनही मी मार्ग काढला. थोडक्यात, मी स्वतःला दर्यावर्दी समजू लागलो होतो.

मधे, माघात, मुक्ता बाळंत झाली. नात दिवस भरायच्या आधीच आली आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. सुलभा गंगेला नवस बोलली, "पोर सुखरूप घरी येऊ दे, मध्यधारेत येऊन तुझी ओटी भरीन." (हात मीही जोडले होते. पण कॉलनीत माझी ख्याती नास्तिक म्हणून, त्यामुळे गुपचूप.) पोर घरी आली, तिनं छान बाळसं धरलं आणि चैत्रात सुलभा म्हणाली, "नवस फेडायचाय. घाटावर भाड्याची नाव मिळते, तिनं जाऊ."

"भाड्याची? घरात होडी असताना?"

"तुमच्या त्या फुग्यात मी नाही बसायची."

"फुगा काय म्हणतेस! वर्षभराचा अनुभव आहे मला!"

"अहो, नवस आहे तो, खेळ नाही. ओटी नीट पोचली पाहिजे. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता."

"मी पोचवतो. माझी जबाबदारी!" मी छाती ठोकून सांगितलं.

त्या सकाळी हवा भरून होडी गाडीच्या टपावर बांधत होतो, तोच शेजारचे गायधनीभाऊ फिरून आले. "वा वा! काय गुटगुटीत होडी! अख्ख्या कॉलनीत असली नाही!" गायधनींचं कौतुक बाधतं, हा कॉलनीचा अनुभव आहे. त्यांनी वाखाणलेला जोशांचा फ्रिज तिसऱ्या दिवशी बंद पडला होता! आता लिंबू-मिरची ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असं गणेशोत्सवात मी माइकवरून ठणकावून सांगितलेलं. पण आज नातीचा नवस होता. विषाची परीक्षा कशाला घ्या? चौकातून गुपचूप एक लिंबू-मिरची घेतली. घाटावर पोचल्यावर लक्षात आलं, होडीला ती बांधायला जागाच नाही.

"सुलभा, बांगडीतली एक सेफ्टी पिन दे गं."

"कशाला?" तिचं लक्ष ओटीच्या ताटात होतं.

"असू दे."

तिनं दिली, आणि मी होडीच्या नाकाडावर लिंबू-मिरची ऐटीत टाचून टाकली.

लाइफ जॅकेटं घालून निघालो. मी मागे, सुलभा पुढे, तिच्या मांडीवर ओटीचं ताट : नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. काठावर झाडाखाली मुक्ता, तिच्या एका हातात लेक आणि दुसऱ्या हातात मोबाइल. नदीच्या मध्यावर येतो न येतो तोच आवाज आला, फुस्सऽऽ!

"अहो, साप!"

"छे गं, पाणवेलीत बेडूक असेल."

"बेडूक इतका वेळ फुसफुसतो?"

होडीचं नाक खाली झुकायला लागलं. "तू पुढे सरकलीस! मागे हो!" मी ओरडलो. सुलभानं नाकाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही माझी पिन ना?"

तोवर पाणी आत आलं होतं. जॅकेट घातलेला माणूस बुडत नाही, हे मला माहीत होतं. जॅकेटला माहीत होतं की नाही, याची खात्री नव्हती!

"अहो, ओटी! ओटी भिजतेय!"

"अगं, मी बुडतोय!"

"तुम्हाला जॅकेट आहे, ओटीला नाही!" असं म्हणून तिनं ताट डोक्यावर धरलं.

"वाचवा! वाचवा!" मी बोंब ठोकली. पलीकडच्या काठावर गोधड्या धुणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. ती ओरडली, "ओ काका, आरडताय कशाला? उभं ऱ्हा की! कमरंइतकं पाणी हाय!"

सुलभा उभी राहिली. खरंच कमरेइतकं पाणी! सहा महिने ज्या नदीत वल्हवलं, तिची चैत्रातली खोली मी कधी पाहिलीच नव्हती. मी आपला रबराच्या गुंडाळीत मिरच्या कवटाळून बसलेलो. तिनं शांतपणे पदर सावरला, एकेक वस्तू पाण्यात सोडून गंगेची ओटी भरली आणि काठावरच्या नातीकडे बघत हात जोडले. तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी नखशिखांत भिजलेला असल्यामुळे कुणाला कळलं नाही. होडी बुडाली, पण नवस फिटला! मला एकदम हलकं वाटलं.

सुलभाचे ओठ पुन्हा हलले.

"आता काय मागितलंस?"

"दुसरा नवस. ह्यांच्या डोक्यातलं होडीचं खूळ जाऊ दे, पुन्हा ओटी भरीन. या खेपेला काठावरून."

मुक्तानं काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तिन्ही पिढ्यांच्या नातेवाइकांनी पाहिला. दुसरा नवस चौथ्या दिवशी फळला : होडी मी स्वतःच भंगारात दिली. ओटी भरताना सुलभाची पिशवी धरून मीच उभा होतो, पाण्यापासून चांगला दहा फूट लांब.