माशाच्या पोटातल्या बाटल्या

इंदापूरच्या चौकातल्या त्या चिलापी माशाच्या शिल्पाचं कौतुक माझ्यासमोर करू नका. आराखडा माझा होता, एवढंच. भंगारातल्या नांगरांचा सांगाडा, उसाच्या रानातून उपटून फेकलेल्या ठिबकच्या नळ्यांचे खवले, आणि पोटात उजनी धरणाच्या पाण्यातून निघालेला कचरा. जसाच्या तसा.

कचरा दिला पळसदेवच्या एका तात्यांनी. मासेमारीत आयुष्य गेलेला माणूस. जाळ्यात आलेली प्रत्येक बाटली, फवारणीच्या औषधाचा प्रत्येक डबा त्यांनी पोत्यांत भरून ठेवला. अट एकच घातली. "धुवायचं न्हाय, पोरी. आमी काय वढून काढतो ते दिसू दे. गिऱ्हाईक म्हनतं, तात्या, मासं बारीक झालं. बघा म्हनावं, का झालं."

मी शब्द दिला.

उद्घाटनाच्या सकाळी मी बारामतीहून एसटीनं आले आणि चौकात जागीच थांबले. माशाच्या पोटात नव्याकोऱ्या बाटल्या चकाकत होत्या. संयोजकांनी बाटलीबंद पाण्याचे बॉक्स विकत आणले होते आणि त्यातलं चांगलं पाणी गटारीत ओतून दिलं होतं. पर्यावरणासाठी!

"ताई, पाहुणे येणार. त्या कचऱ्याला वास मारत होता," संयोजक म्हणाले. "आणि फरक काय पडतो? बाटली ती बाटलीच."

"मग पाहुण्यांच्या खुर्चीतही कुणालाही बसवा. माणूस तो माणूसच."

ते हसले आणि मला फेटा बांधायला माणूस पाठवला.

तेवढ्यात तात्या आले, इस्त्रीचा सदरा घालून. माशाभोवती एक फेरी मारली. "ह्यातलं आमचं कुठलं?"

मी त्यांना मांडवामागं नेलं. पोती तिथं कचऱ्याच्या घंटागाडीत पडली होती. एक तात्यांनी ओढून काढलं, दुसरं मी. पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच माशापुढं ओतली. चिखल, शेवाळ, वास. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला.

संयोजक धावले. "अहो तात्या, हे काय?"

"जेवान. ह्यो मासा रोज ह्येच खातो. तुमी बोला की सायेब, आमी कुठं आडवलंय?"

कुणी टाळी वाजवली नाही. झाडणाऱ्या बायकांना बोलावलं, पाच मिनिटांत चौक चकाचक. पोटात नव्या बाटल्या तशाच. कचरा मात्र लगेच दिसला यांना, तोही पायाखाली आल्यावर!

शिल्पाखालच्या पाटीवर माझं नाव रंगवलं होतं. मांडववाल्याचा पेचकस घेतला आणि सगळ्यांदेखत मी ते नाव खरवडायला बसले. तात्या शेजारी उभे राहिले.

"आजून वाचाया येतंय," ते म्हणाले.